पैठणीवरचा ब्लाउज: गळ्यावरचे काम कसे निवडावे

पैठणीवर किंवा शालूवर घालायच्या ब्लाउजच्या गळ्याला आरी किंवा जरदोसीचे काम करून घेणे हा आता मराठी लग्नाच्या बस्त्याचा भागच झाला आहे. जुन्या चालीत तो नव्हता. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी पुढे गाठ मारून घातली जाई. तिची शोभा बाहीवर आलेल्या काठात असे, गळा साधाच राही. तो भरण्याचे काम ठुशी, चिंचपेटी आणि तन्मणी करीत. आता कपड्यावर काम आणि गळ्यात दागिने अशी दोन्हींची दाटी वीतभर जागेत होते. म्हणून ब्लाउज नुसता हातात धरून पसंत केला की हमखास फसगत होते. साडी, दागिने, पदर आणि केशरचना ठरवूनच गळ्याकडे वळावे.

हे काम लाकडी अड्ड्यावर कापड ताणून केले जाते. कागदावर काढलेल्या नक्षीला सुईने बारीक भोके पाडून खाका तयार करतात. तो कापडावर ठेवून त्यावरून भुकटीचा बोळा फिरवला की नक्षी उमटते. आरीकामात कारागीर एका हाताने कापडाखाली धागा धरतो आणि वरून आकडीच्या टोकाची आरी खुपसून तो वर ओढतो. त्यातून साखळी टाका पडतो. जरदोसीत दबका म्हणजे धातूच्या तारेची बारीक गुंडाळी वापरतात. तिचे हव्या त्या लांबीचे तुकडे कापून ते मण्यांप्रमाणे सुईत ओवून शिवतात. जोडीला कटदाणा, मोती, टिकल्या आणि कुंदन असतात.

कामाचा दर्जा उलट्या बाजूने कळतो, तोही अस्तर लागण्यापूर्वी. साखळी टाक्याचे शेवटचे टोक पक्के बांधले नसेल तर एक धागा ओढला जाताच अख्खी ओळ उसवत जाते. कुंदन आणि खडे शिवलेले आहेत की नुसते चिकटवलेले, हेही मागच्या टाक्यांवरून समजते. चिकटवलेले खडे घामाने आणि घडीने सुटतात. दबक्याची गुंडाळी ताणली गेली की पुन्हा मिटत नाही, त्यामुळे तिच्यात फट दिसत असेल तर ते काम परत करावे.

गळ्याचा आकार दागिन्यांवरून ठरवणे सोयीचे. ठुशी आणि चिंचपेटी गळ्यालगत बसतात. त्यांच्यासाठी गोल, चौकोनी किंवा पान गळा घेऊन दागिना आणि ब्लाउजची कड यांच्यात दोन-तीन बोटे मोकळी त्वचा राहू द्यावी. ती राहिली नाही तर दागिना कुठे संपतो आणि काम कुठे सुरू होते हेच उमगत नाही. बंद गळा किंवा बोट नेक घ्यायचा असेल तर गळ्यालगतचे दागिने वगळून एखादा लांब राणीहार पुरतो. मोहनमाळ, बोरमाळ आणि मंगळसूत्र कापडावर रुळतात. खाली टोकदार कटदाणा असेल तर ती अडकतात आणि मंगळसूत्राचे काळे मणी नक्षीत हरवतात. तन्मणीखाली मोत्यांचे काम केले तर तन्मणी उठून दिसत नाही; तिथे जरीचे सपाट काम बरे.

पदराचा हिशेब बहुतेक वेळा विसरला जातो. पदर डाव्या खांद्यावर येतो, म्हणजे पुढच्या गळ्याची डावी बाजू बरीचशी झाकली जाते. तिथे दाट भरण करणे म्हणजे पैसा पदराखाली घालणे. शिवाय पिन नेमकी तिथेच लागते. जरदोसीतून पिन घुसवली तर तार तुटते, आणि मण्यांवर घासून पैठणीचे रेशीमही ओढले जाते. खांद्यावर पिनेपुरती साधी पट्टी सोडायला कारागिराला आधीच सांगावे. पैठणीच्या काठातच मोर, मुनिया, आसावली किंवा नारळी असेल तर गळ्यावर तीच नक्षी मोठी करून पुन्हा काढण्याची गरज नसते. काठातला एखादा रंग उचलला तरी मेळ बसतो.

पाठीचा गळा पदराआड फारसा जात नाही, त्यामुळे मोठे काम तिथेच शोभते. अंबाडा घातला तर मटका गळा आणि त्याभोवतीची नक्षी पूर्ण दिसते. केस मोकळे सोडायचे असतील तर ते मण्यांत गुंततात, शिवाय कामही झाकले जाते. पाठ खोल आणि पुढचे काम जड असेल तर ब्लाउज खांद्यावरून पुढे ओढला जातो. मागे नाडी हवी ती त्यासाठी. लटकन ही पुढची हौस.

कापड आणि शिलाई यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी शिंप्याने मापे घेऊन अखंड कापडावर गळा आणि बाह्या आखाव्यात, मग काम व्हावे आणि कापणी शेवटी. शिलाईच्या रेषेवर मणी आला तर मशिनची सुई मोडते, म्हणून कडेला अर्धा इंच जागा मोकळी लागते. पातळ रेशमावर जड काम केले की सुरकुत्या पडतात. त्याला मागून आधाराचे कापड द्यावे लागते. मानेला तार टोचू नये म्हणून अस्तर कडेपर्यंत यायला हवे. बाजूच्या शिलाईत माया ठेवली तर छाती आणि कंबर सैल-घट्ट करता येते, पण भरलेला गळा नंतर बदलत नाही. त्यामुळे कामाला देण्यापूर्वी साध्या कापडाचा नमुना शिवून, त्यावर खरे दागिने आणि पदर घेऊन, बसून आणि वाकून पाहावे.

लग्नाच्या दिवशी अत्तर ब्लाउज घालण्यापूर्वी लावावे, कारण अत्तराने आणि घामाने धातूची तार काळी पडते. नंतर ब्लाउज सावलीत वाळवून, आतली बाजू बाहेर करून, मलमलच्या कापडात सैल गुंडाळून ठेवावा. कामावर थेट इस्त्री फिरवू नये आणि घडी नक्षीच्या मध्यावर येऊ देऊ नये.