रीफर गाड्यांच्या विद्युत देखभालीबाबत मागणीपत्र

प्रति,
शीतवाहतूक करणाऱ्या गाड्यांचे सर्व मालक व कंत्राटदार
प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य; आणि संचालक, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण

महोदय,

आम्ही रीफर गाड्यांवर काम करणारे वायरमन, युनिट मेकॅनिक, चालक आणि किन्नर. निफाड-दिंडोरीची द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास, लशी २ ते ८ अंशांत आणि गोठवलेली मासळी उणे १८ अंशांवर मुक्कामी पोहोचवणे हे आमचे काम आहे. ही थंडी कॉम्प्रेसर तयार करतो, पण त्याला चालू-बंद करतात तारा, रिले आणि सेन्सर. गाडी रस्त्यात उभी राहीपर्यंत त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. युनिट थंडी देत नाही म्हटले की पहिले वाक्य ठरलेले असते : “गॅस कमी असेल, भरून घ्या.” मीटर लावायचा विचार त्यानंतर येतो. आमच्या हाताखालून जाणाऱ्या गाड्यांत गॅसपेक्षा लग, कनेक्टर आणि अर्थिंगचे दोष कितीतरी जास्त निघतात.

उभ्या गाडीची बॅटरी मोजली तर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. स्टार्टरचा भार पडला की चॅसीला जोडलेल्या अर्थच्या गंजक्या बोल्टवर व्होल्टेज पडते, कंट्रोलरला पुरेसा पुरवठा मिळत नाही आणि युनिट बंद होते. मग बॅटरी बदलतात, अल्टरनेटर बदलतात, शेवटी कंट्रोलरही बदलतात. बोल्ट तसाच राहतो. तो काढून घासून, नवा लग दाबून घट्ट बसवला असता तर काम तिथेच संपले असते.

दुसरा दोष आपल्याच हातांनी होतो. टेस्ट लॅम्पची सुई वायरच्या आवरणात टोचून करंट पाहायची सवय सगळीकडे आहे. ते भोक डोळ्याला दिसतही नाही. पावसाळ्यात पावसाचे, किंवा मासळीचा हौद धुताना खारे, पाणी त्यातून आत शिरते. तांबे आधी हिरवे पडते, मग त्याची काळी भुकटी होते. काही महिन्यांनी वायर बाहेरून अखंड दिसते आणि आतून तुटलेली असते. कसाऱ्याच्या घाटात रात्री असा दोष शोधणे म्हणजे काय, हे आम्हाला विचारा.

म्हणून आमची पहिली मागणी : दर तीन महिन्यांनी, आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर न चुकता, प्रत्येक युनिटची विद्युत तपासणी व्हावी. भार असताना अर्थ आणि बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्टेज पडते ते मोजून गाडीच्या वहीत लिहावे. “वायरिंग चेक केले, ओके” हा शेरा आम्हाला मान्य नाही. आकडा हवा.

या कामासाठी लागणारी साधने मालकाने द्यावीत : मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, लग दाबायचे क्रिम्पिंग टूल, पाणी न शिरणारे कनेक्टर आणि योग्य अँपिअरचे सुटे फ्यूज. फ्यूजच्या जागी तार घालून गाडी पुढे काढण्याचा फोन आम्हाला येऊ नये. तशी तार घातली की फ्यूज जळायच्या ऐवजी वायरिंग जळते.

आता जिवाचा प्रश्न. गोदामात उभ्या गाडीला स्टँडबायवर ४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा देतात. बहुतेक वेळा फरशी ओली असते, प्लगच्या पिना तापून काळ्या पडलेल्या असतात आणि अर्थची पिन नावालाच असते. प्रत्येक पॉइंटला चालू अर्थिंग, गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर आणि फेजची दिशा दाखवणारा दिवा असलाच पाहिजे. जुन्या युनिटमध्ये फेज उलटे लागले की मोटर उलटी फिरते. प्लग लावताना व काढताना मेन स्विच बंद असावा. युनिट ऑटो स्टार्ट-स्टॉपवर असले तर थांबलेला पंखा कोणत्याही क्षणी फिरू लागतो. म्हणून आत हात घालण्यापूर्वी स्विच बंद करून त्याला कुलूप लावण्याची सोय हवी. यात तडजोड नाही.

आणि आमची मुख्य मागणी : माल खराब झाला म्हणून चालकाच्या पगारातून कपात, ही प्रथा थांबवा. अनेक युनिटांत तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा रोध थंडीबरोबर वाढतो. कनेक्टरमध्ये गंज चढला तरी रोध वाढतो, आणि कंट्रोलर त्याला थंडीच समजतो. तो युनिट थांबवतो, स्क्रीनवर आकडा बरोबर दिसतो, आत माल तापत राहतो. चालकाने दर तासाला स्क्रीन पाहिला तरी त्याला हे कळणार नाही. मालाचे नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळेच झाले असेल तर कपात, आणि तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमापासून चालत आले आहे. म्हणून डेटा लॉगरची नोंद, सेन्सरची स्वतंत्र थर्मामीटरशी पडताळणी आणि वायरिंगचा लेखी अहवाल, या तिन्ही गोष्टी चालकासमोर झाल्याशिवाय एक रुपयाही कापला जाऊ नये.

प्रशिक्षणाबाबत थोडक्यात : आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि इलेक्ट्रिशियन हे दोन वेगळे ट्रेड आहेत. रीफर गाडीला दोन्हींचे ज्ञान एकाच हातात लागते. सध्या काम करणाऱ्यांसाठी सुटीच्या हंगामात, पगारी रजेसह, अल्पमुदतीचा जोडवर्ग सुरू करावा आणि तो पूर्ण करणाऱ्याला वेतनवाढ द्यावी.

द्राक्षांच्या निर्यातीचा हंगाम जानेवारीत जोर धरतो. त्यापूर्वी, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, मालक व संघटना यांची संयुक्त बैठक बोलवावी आणि पगारकपातीबाबतचा निर्णय त्या बैठकीत लेखी द्यावा, ही विनंती.

आपले,
संघटनेचे अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद