पोत्याचा भाव आणि पोत्याचे वजन



सिमेंटच्या पोत्याचा आजचा भाव पेढीवर वाढलेला दहावीतला मुलगाही अचूक सांगतो. परंतु ते 50 किलोचे पोते उचलताना पाठीला काय होते आणि त्यात किती वाळू, किती पाणी मिसळल्यावर भिंत उभी राहते, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. भाव ठाऊक आणि वजन अपरिचित, ही आपल्या व्यापारी घरांतील उणीव आहे. ती भरून काढण्याची परंपरा चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात फार जवळ आहे.

भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनास नागपूरहून निघालेल्या यात्रेकरूंना वाटेतच वरोरा लागते. बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे केले. आरंभी गावकरी कुष्ठरुग्णांच्या हातचे दूध-भाजी घेण्यासही कचरत. 1950 च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशीचे तरुण येथे आले, रुग्णांसोबत राहिले, जेवले आणि त्यांनी इमारतींसाठी दगड-विटा वाहिल्या. या संघटनेचा जन्मच बांधकामातून झाला होता. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 साली, पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थांनी कालच्या शत्रुराष्ट्रांतील तरुणांना एकत्र आणून फ्रान्समधील व्हर्दंजवळचे उद्ध्वस्त खेडे पुन्हा उभारण्यास प्रारंभ केला होता. परदेशी तरुण निर्भयपणे राबताना पाहून वरोऱ्यातील लोकांची भीतीही ओसरत गेली. पुढे 1964 मध्ये आनंदवनात महाविद्यालय निघाले. समाजाने ज्यांना दूर लोटले, त्यांच्या श्रमांतून त्याच समाजाच्या मुलांसाठी ज्ञानमंदिर उभे राहिले.

1967 साली मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प सुरू झाला. तेथील उन्हाळी श्रमसंस्कार छावणीने महाविद्यालयीन तरुणांच्या अनेक पिढ्यांच्या हाती कुदळ आणि घमेले दिले. 1973 साली भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, त्यामागेही श्रमाचा हाच संस्कार होता. पुढे आनंदवनात डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने निकामी टायर व टाकाऊ प्लास्टिक बांधकामात वापरण्याचे प्रयोग झाले.

टाकाऊतून टिकाऊ घडविण्याची विद्या आपल्या पूर्वजांनाही अवगत होती. जुन्या वाड्यांच्या बांधकामात चुन्यासोबत सुरखी वापरत. सुरखी म्हणजे फुटक्या विटांची कुटून केलेली पूड. भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याशी आणि पाण्याशी संयोग पावते आणि मसाला दगडासारखा घट्ट होतो. रोमन लोक हेच कार्य ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेत. आज चंद्रपूरकरांपाशी त्याच गुणाची राख आहे. येथील महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे, आणि आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण 30 ते 40 टक्के असते. ही उडती राख रचून ठेवली तर शेत आणि श्वास दोन्ही बिघडतात. बांधकामात मुरवली तर तीच उपयोगी पडते. आपण दुकानात पीपीसी म्हणून जे सिमेंट विकतो, त्यात 35 टक्क्यांपर्यंत ही राख असू शकते. राख, चुना अथवा सिमेंट, जिप्सम आणि वाळू यांची वीट भट्टीत न भाजता केवळ पाणी देऊन पक्की होते. श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांतील अंगारकर्मात विटा भाजण्याचीही गणना होते, हे स्मरले तर या विटेचे महत्त्व आपणांस अधिक जाणवेल.

शाळेतील वा मंडळातील मुलांनी प्रत्यक्ष काय बांधावे? दोन कामे सुचवितो.

पहिले, वनराई बंधारा. पावसाळा सरल्यावर, नाल्यास धार असतानाच तो घालावा. खताची व सिमेंटची रिकामी पोती आपल्याच गोदामात पडून असतात. त्यांत वाळू-माती दोन तृतीयांश भरून तोंड शिवावे. विटांप्रमाणे सांधे चुकवून थर रचावेत आणि फटी चिकणमातीने लिंपाव्यात. अडलेले पाणी आसपासच्या विहिरींस आणि जनावरांस उपयोगी पडते. उन्हाळ्यात नाला आटला की फाटकी पोती मुलांनीच गोळा करून आणावीत, अन्यथा तो कचरा पुढच्या पुरात वाहून जाईल.

दुसरे, गुरे व पाखरे यांच्यासाठी पाण्याचा हौद. या भागात उन्हाळ्यात पारा 46-47 अंशांवर जातो. पाडलेल्या घराच्या विटा मिळवून मुलांनी जुना चुना खरवडून काढावा आणि विटा पाण्यात भिजवाव्यात. एक भाग सिमेंट व चार भाग वाळू असा मसाला अर्ध्या तासात संपेल इतकाच कालवावा. भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे अनुभवी गवंड्याकडून तपासून घ्यावे. हाती मोजे आणि नाकावर रुमाल आवश्यक, कारण ओले सिमेंट त्वचा भाजते. हौदाच्या आत एका बाजूस दगडांचा उतार अवश्य ठेवावा. त्यावरून पाण्यात पडलेली खार वा पाखराचे पिलू बाहेर येऊ शकते. भिंतीवर किमान चौदा दिवस पाणी मारावे लागते. मुलाला खरा धीर शिकविणारे तेच दिवस होत. त्यात हयगय झाली तर भिंतीस तडा जाऊ शकतो, आणि तिथे कोणाची सबब चालत नाही.

मजुरी देऊन हौद एका दिवसात बांधून घेता येईल, असे काही पालक म्हणतील. हौद खरोखरच तसा होईल. मात्र उद्या हीच मुले पेढीवर बसून हमालाशी आणि गवंड्याशी हिशेब करणार आहेत. ज्याने स्वतः घमेले उचलले आहे, त्याचा हिशेब अधिक न्यायाचा असेल. तेव्हा या हंगामात रद्दीच्या भावाने बारदान विकण्यापूर्वी गावातील शाळेच्या मुख्याध्यापकांस एकदा विचारावे. शंभर पोती आणि सोबत आपले चिरंजीव, दोन्ही पाठवावेत.