द्राक्षाचा हिशेब आणि तंबाखूची पुडी

तासगाव, पलूस, मिरज भागातल्या द्राक्षबागायतदाराला युरोपात माल पाठवायचा असेल, तर आधी बागेची नोंदणी करावी लागते. कोणते औषध कोणत्या तारखेला किती मात्रेत फवारले, याची वही ठेवावी लागते. काढणीपूर्वी प्रयोगशाळेसाठी बागेतून नमुना नेला जातो आणि औषधांचा अंश मर्यादेत आहे असा दाखला मिळाल्याशिवाय कंटेनर हलत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. ती झळ बागायतदारांनी सोसली आणि वह्या अधिक काटेकोर केल्या. आपण काय खातो आहोत हे खाणाऱ्याला कळले पाहिजे, हे तत्त्व इथल्या शेतकऱ्याने स्वतःच्या खिशाला खार लावून मान्य केले आहे.

त्याच तालुक्यांत, एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर, मावा घोटला जातो. सुपारी, तंबाखू, चुना, वर आणखी काय ते घोटणाऱ्यालाच ठाऊक. प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेल्या त्या पुडीवर एक अक्षर नसते. शेजारी टांगलेल्या सिगारेटच्या पाकिटावर रोगाचे चित्र आणि इशारा असतो, पण आत काय काय घातले आहे याबद्दल तेही पाकीट मुके असते. ३१ मे रोजी, जागतिक तंबाखूविरोधी दिनी, सातारा-सांगलीतल्या शाळांतून शपथा होतील, फेऱ्या निघतील. त्या निघाव्यातच. पण शपथ मुलांनी घ्यायची आणि माहिती द्यायची सक्ती मात्र कारखानदारावर नाही, ही व्यवस्था आम्हाला मान्य नाही. पाकिटावरचा इशारा आणखी ठळक झाला पाहिजे आणि आत काय आहे हे जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले पाहिजे.

हे लिहिताना आबांची आठवण टाळता येत नाही. अंजनीसारख्या लहान गावातून आलेले आर. आर. पाटील राज्याचे गृहमंत्री झाले. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने त्यांनी गावेच्या गावे झाडायला लावली, तंटामुक्तीने भांडणे पारावर मिटवली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगाने ते गेले. वय अवघे सत्तावन्न. त्यांना तंबाखूची सवय होती, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होते. शरद पवारांनीही तोंडाच्या कर्करोगाशी झुंज दिली आणि त्या सवयीचा पश्चात्ताप ते जाहीर सभांतून बोलून दाखवत आले आहेत. राज्याच्या राजकारणातली ही दोन माणसे. ज्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत, अशी माणसे मिरजेच्या आणि कराडच्या रुग्णालयांत रांगेत बसलेली असतात.

आबांना जाऊन दीड महिनाही झाला नव्हता. सिगारेट आणि तंबाखूच्या पाकिटांवरचा इशारा दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर छापण्याची अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर २०१४ मध्ये काढली होती आणि १ एप्रिल २०१५ पासून ती लागू व्हायची होती. ती ऐन वेळी रोखली गेली. संबंधित संसदीय समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे खासदार होते, दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो हे दाखवणारी पाहणी भारतात झालेली नाही, जे आहे ते परदेशातले आहे, असे त्यांनी सांगितले. समितीतल्या एका सदस्याचा स्वतःचा विडीचा मोठा व्यवसाय होता. आणि त्याच १ एप्रिलला सुनीता तोमर ही तरुणी गेली. तंबाखूविरोधी सरकारी जाहिरातीत जिचा चेहरा देशाने पाहिला होता, तीच ती. मृत्यूच्या काही दिवस आधी तिने पंतप्रधानांना पत्र लिहून या दिरंगाईबद्दल दुःख व्यक्त केले होते. तिच्याआधी त्या जाहिरातीत दिसलेला मुकेश हराणे आपल्या भुसावळचा होता. तो २००९ मध्ये, ऐन पंचविशीच्या आत गेला.

भारतात पाहणी झाली नाही, हे म्हणणे महाराष्ट्रातून आलेल्या खासदाराने करावे, याचा आम्हाला अधिकच खेद वाटतो. कारण ती पाहणी महाराष्ट्रातच झाली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातले डॉ. फली मेहता आणि सहकारी साठ-सत्तरच्या दशकांत राज्यातल्या खेड्यांतून फिरले. एक लाख एक हजारांहून अधिक गावकऱ्यांची तोंडे तपासून त्यांनी १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईतल्या तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांवरचा डॉ. जस्सावाला आणि देशपांडे यांचा अभ्यास १९७१ चा. आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. खेड्यातल्या माणसाचा जबडा उघडून पाहणारे हे संशोधन दिल्लीला दिसू नये, हे समजण्यासारखे नाही.

शेवटी न्यायालयाच्या रेट्याने ८५ टक्क्यांचा नियम १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला. पुढे २०१७ च्या डिसेंबरात कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पाकिटावरचा प्रत्येक इंच असा भांडून मिळवावा लागला. २००९ साली चित्रांची सुरुवात झाली तेव्हा खाण्याच्या तंबाखूवर विंचू छापला होता. विंचवाला घाबरणारा शेतकरी आमच्याकडे नाही. खरा जबडा, खरी जखम छापायला सुरुवात झाली तेव्हा त्या चित्राला अर्थ आला.

या चित्रांचा उपयोग होतो का, असे विचारणाऱ्यांनी २०१६-१७ ची राष्ट्रीय तंबाखू पाहणी वाचावी. पाकिटावरचा इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला, असे सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के लोकांनी सांगितले. विडी ओढणाऱ्यांत हे प्रमाण ५४ टक्के, तर तंबाखू खाणाऱ्यांत ४६. आकड्यांची ही उतरण आम्हाला फार काही सांगते. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ जेमतेम ३.८ टक्के आहेत, पण धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखू मुख्यतः खाल्ली जाते, दातांना लावली जाते. आणि नेमक्या त्याच वाटेवर इशारा सर्वांत दुबळा आहे. माणदेशापासून शिराळ्यापर्यंत कितीतरी घरांत बायका तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करतात. सकाळी लावली की जेवणानंतर, दुपारी पुन्हा, आणि तिला व्यसन म्हणायला घरात कोणी तयार नसते. पोटुशी सुनेलाही सासू चिमूटभर देते. त्या मिश्रीला पाकीट नाही, म्हणून इशाराही नाही.

सुट्या विक्रीचेही तेच. एक सिगारेट घेणाऱ्या कॉलेजच्या पोराच्या हातात पाकीट येतच नाही, म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. कारण दिले तेही योग्यच, की सुट्या विक्रीत इशारा दिसत नाही. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या विश्रामबागेत ही बंदी किती पाळली जाते, ते पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने एकदा उभे राहून पाहावे. कॅनडाने २०२३ पासून प्रत्येक सिगारेटच्या कागदावरच इशारा छापायला लावला आहे. आपल्याकडे तर त्याची गरज कॅनडाहून अधिक आहे.

आता आतल्या मालाविषयी. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा बंद केला, तेव्हा मुख्यमंत्री कराडचे पृथ्वीराज चव्हाण होते आणि गृहमंत्री आबा. त्याआधी २००२ साली घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात टिकली नव्हती. २०१२ ची टिकली, कारण तिचा पाया वेगळा होता. अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालता येणार नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम २०११ मध्ये आला होता, आणि पानमसाल्याच्या नमुन्यांत मॅग्नेशियम कार्बोनेट असल्याचे प्रशासनाच्या तपासणीत निघाले होते. पुडीत काय आहे हे कागदावर आले, तेव्हाच सरकारच्या हातात बळ आले. घटक जाहीर करण्याची मागणी आम्ही का करतो, त्याचे कारण या घटनेत आहे.

आणि मागणी नवी नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सातव्या कलमातच पाकिटावर निकोटीन आणि टार यांचे प्रमाण व कमाल मर्यादा छापण्याची तरतूद आहे. तपासायला प्रयोगशाळा नाही, हे कारण वर्षानुवर्षे ऐकवले गेले. २०१९ मध्ये नोएडा, मुंबई आणि गुवाहाटी येथे राष्ट्रीय तंबाखू तपासणी प्रयोगशाळा उघडल्या. कारण संपले, पाकीट तसेच राहिले. भारताने २००४ मध्ये मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारातही घटकांची माहिती सरकारला आणि जनतेला देण्याचे कलम आहे.

इथे एक सावधगिरी हवी. नुसते टारचे आकडे छापले तर ‘यात कमी आहे, ही चालेल’ असा समज पसरतो. ‘लाइट’, ‘माइल्ड’ या शब्दांनी जगभर हीच फसवणूक केली. म्हणून आकड्यांपेक्षा घटक आणि त्यांचे काम सांगितले पाहिजे. साखर, कोको, मेन्थॉल धुराचा ठसका मारण्यासाठी घालतात, म्हणजे कोवळ्या घशालाही तो सोसतो. अमोनियाची संयुगे आणि खाण्याच्या तंबाखूतला चुना निकोटीन मोकळे करून झटकन रक्तात पोचवतात. तंबाखूतल्या नायट्रोसमाइन्सनी कर्करोग होतो. हे मराठीत, साध्या शब्दांत, पुडीवर आले पाहिजे. हातावर चुना मळणाऱ्या माणसाला तो चुना काय करतो हे आजवर कुणी सांगितलेले नाही.

निपाणीच्या तंबाखू उत्पादकांचे काय, हा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. १९८१ च्या आंदोलनात त्या शेतकऱ्यांनी भावासाठी गोळ्या झेलल्या, त्यांच्या कष्टाला आमचा नमस्कार आहे. पण लेबलामुळे पीक बंद होत नाही. पर्यायी पिकांना भाव आणि पाणी देणे ही सरकारची वेगळी जबाबदारी आहे, आणि तिच्या आडून पाकीट कोरे ठेवता येणार नाही.

दाभोलकरांच्या साताऱ्यात ‘परिवर्तन’ व्यसनमुक्तीचे काम करते, बंडातात्या कराडकरांचा व्यसनमुक्त युवक संघ वारकऱ्यांच्या वाटेने गावोगाव जातो. पाकिटावर १८००-११-२३५६ हा मोफत मदतीचा क्रमांक आहे, तो जरूर लावावा. पण ही माणसे एकाला बाहेर काढेपर्यंत टपरीवर दहा नवे उभे राहतात. म्हणून सातारा आणि सांगलीच्या खासदारांकडे आमची मागणी आहे. येत्या अधिवेशनात त्यांनी आरोग्यमंत्र्यांना विचारावे की सातव्या कलमाची ती तरतूद पाकिटावर कधी दिसणार, आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासलेल्या नमुन्यांचे निकाल ब्रँडनिहाय लोकांसमोर का ठेवले जात नाहीत. दोन्ही जिल्हा परिषदांनी आशाताईंच्या घरभेटीत मिश्रीची नोंद घ्यायला सुरुवात करावी, गरोदर बाईपासून. आणि मावा घोटून विकणाऱ्याला, इतर कोणत्याही खाद्यपदार्थाच्या विक्रेत्याप्रमाणे, परवाना आणि घटकांची पाटी विचारण्याचे धाडस अन्न व औषध प्रशासनाने ३१ मेच्या आत दाखवावे.