पाना कोणाच्या हातात?

मैत्रिणींनो, या वेळी मी सायकलच्या सीटवर आणि पायडलवर लिहिते आहे. बैठकीत विषय सांगितला तेव्हा आमची एक ज्येष्ठ कार्यकर्ती हसून म्हणाली, "बाकीचे प्रश्न संपले का गं?" संपलेले नाहीत. पण जिच्यामुळे हा विषय डोक्यात शिरला, ती मुलगी सायकल सोडून पुन्हा पायी शाळेत जायला लागली होती. पावसाळ्यात ओढा भरला, वाट लांबली की शाळाच सुटणार, हे तिलाही दिसत होतं आणि मलाही.

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मी किशोरींच्या गटांबरोबर काम करते. तिथल्या मुलींना सरकारी योजनेतून सायकली मिळाल्या. समारंभ झाला, फोटो निघाले, मीही माझ्या अहवालात 'सायकलवाटप पूर्ण' असं लिहून मोकळी झाले. सहा महिन्यांनी गावात गेले तर ही नववीतली मुलगी पायी चाललेली. सायकल भाऊ दूध घालायला नेतो. "गुडघे दुखतात ताई," एवढंच ती म्हणाली. पुढचं आजीनं पुरवलं, "पोरीच्या जातीला सोसत नाही ते. म्या आधीच म्हणलं होतं."

मी तिला सायकल चालवायला लावली आणि बाजूला उभी राहून नुसती पाहत राहिले. सीट अगदी तळाला गेलेली. पाय पूर्ण खाली गेला तरी गुडघा चांगलाच वाकलेला, आणि वर आला की पोटाकडे येणारा. पायडलवर पायाचा मधला, पोकळ भाग. चप्पल निसटू नये म्हणून अंगठ्यानं घट्ट धरलेली. गुडघे दोन्ही बाजूंना फाकलेले. रोज चार किलोमीटर जाणं आणि चार किलोमीटर येणं अशा बैठकीत केलं तर पैलवानाचेही गुडघे दुखतील. यात पोरीची जात कुठून आली?

सीट खाली का, तर सायकली जोडणाऱ्यानं मुलींचे दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील अशी ती बसवली होती. मुली आहेत, पडतील, ही काळजी. शिकण्याच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत ती काळजी रास्तच आहे. पण तोल सावरायला लागल्यावर सीट वर घ्यायची असते, हे कोणी सांगितलंच नाही. आठवीत बसवलेली सीट दहावीपर्यंत तिथंच. दरम्यान मुलीची उंची वाढते, त्याचा हिशेब कोणाकडेच नाही.

माप सोपं आहे. मैत्रिणीला सायकल धरायला सांगायचं, सीटवर बसायचं, एक पायडल अगदी खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलायला नको. मग टाच काढून तिथं चवडा ठेवायचा. गुडघ्यात थोडासा बाक राहतो. एवढाच बाक हवा. चवड्याचा रुंद भाग पायडलच्या दांडीच्या बरोबर वर आला पाहिजे, म्हणजे पोटरी आणि मांडी दोन्ही कामाला लागतात. पाऊल चालताना जसं पडतं तशाच दिशेला ठेवायचं, ओढूनताणून आत-बाहेर नाही. गुडघा पावलाच्या रेषेत वर-खाली व्हावा. चप्पलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट असेल तर अंगठ्याची ती धडपड वाचते. पायडलचं रबर झिजून नुसती दांडी उरली असेल तर चवडा ठरतच नाही. आणि सायकल पडून दांडी वाकली असेल तर प्रत्येक फेरीला पाऊल मुरगळतं, तिथं पायडल बदलण्याला इलाज नाही.

सीट एकदम वर न घेता बोटभर, मग पुन्हा बोटभर घ्यावी. थांबताना सीटवर बसून राहायचं नाही, पुढे उतरून एक पाय जमिनीवर टेकायचा. हे एक जमलं की पडण्याची भीती निम्मी होते. लेडीज सायकलला मधला आडवा दांडा नसतो, त्यामुळे ते सोपंच जातं.

एक गोष्ट मुली उघड बोलत नाहीत. सीटचं टोक वर उचललेलं असेल तर मांड्यांच्या मध्ये दाब येतो, बधिरपणा येतो, नंतर लघवीला आग होते. गटात मी विषय काढला तेव्हा आधी सगळ्या खाली मान घालून हसल्या, मग एकेक बोलायला लागली. त्यांना वाटत होतं, आपल्यातच काही तरी बिघाड आहे. सीट सपाट करायला दोन मिनिटं लागतात, एक नट ढिला करायचा असतो.

पण नट ढिला करायला पाना लागतो, आणि मला सर्वांत जास्त राग आला तो इथं. त्या मुलीच्या घरी पाना होता. भावाच्या ताब्यात. तो दुधाला जाताना सीट वर करायचा आणि परत आला की 'तिच्यासाठी' पुन्हा खाली करून ठेवायचा. म्हणजे उंच सीटवर पाय हलका चालतो हे घरात माहीत होतं! मुलगा वाईट नाही. बहिणीला विचारावं, असं त्याला कधी सुचलं नाही, इतकंच. तिलाही मागावं असं सुचलं नाही.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२च्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. बिहारनं २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. सायकलीनं बाईचं जग मोठं होतं, हे आता कोणाला पटवून द्यावं लागत नाही. माझं भांडण पुढच्या टप्प्याशी आहे. आपण सायकली मोजतो. तिच्यावर बसलेलं शरीर मोजत नाही. मास्टर्स करताना मी अहवालाचे तक्ते भरायला शिकले, त्यात 'गुडघे' असा रकाना नव्हता. सायकलीबरोबर प्रत्येक मुलीला एक पाना द्या आणि तो वापरायला अर्धा दिवस शिकवा, अशी मागणी आपण वाटप करणाऱ्यांकडे का करत नाही? आणि ती मान्य होईपर्यंत आपल्या शिबिरांत तो अर्धा दिवस आपणच का ठेवत नाही?

आम्ही ठेवला. माझीच फजिती झाली. डावं पायडल सोडवायला म्हणून जोर लावत होते आणि ते आणखी घट्ट होत होतं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, चालवताना ते आपोआप सुटू नये म्हणून. शेवटी खूण सापडली: पाना वरच्या बाजूला उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पायडलं सुटतात, पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळतात. ही खूण मुलींनी गावातल्या पोरांना शिकवली, तेव्हाची त्यांची ऐट बघण्यासारखी होती.

ती नववीतली मुलगी आता दहावीत आहे. सायकल अजून दोघांत एकच. तिनं सीटच्या नळीवर नेलपॉलिशनं दोन आडव्या रेघा काढल्या आहेत, एक तिची, एक भावाची. पाना तिच्या दप्तरात असतो, दुधाला जायच्या आधी तो तिच्याकडून मागून घेतो.