आकडा दिला, पण कुठल्या मापात दिला?



साखळी गेली, रोव्हर आला. ई-मोजणी 2.0 मध्ये मोजणीच्या नकाशावर हद्दीच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांशही यायला लागले. चांगलंच आहे. बांधाचा दगड रातोरात सरकवता येतो, अक्षांश सरकवता येत नाही. पण "जीपीएस आलं, आता बांधाची भांडणं मिटली" असं जे सांगत सुटलेत, त्यांचं मला पटत नाही. बाजारात नुसतं "वीस" म्हणून भागतं का? किलो की क्विंटल ते सांगावंच लागतं. इथं तेच सांगत नाहीत.

पृथ्वी गोल, कागद सपाट. अक्षांश-रेखांशाचे मीटर करायला सॉफ्टवेअर लागतं. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: पृथ्वीचा आकार कुठला धरला, ती सपाट कुठल्या रीतीनं केली आणि पट्टा कुठला. यातली एक चुकली तरी सॉफ्टवेअर बोंब मारत नाही. गुपचूप चुकीचं उत्तर देतं.

आकाराचं बघा. जुनी टोपोशीट एव्हरेस्ट साहेबाच्या 1830 च्या मापावर आहेत. तुमचा मोबाईल डब्ल्यूजीएस 84 वर चालतो. आकडे तेच ठेवून एकातून दुसऱ्यात गेलात, तर आपल्या जिल्ह्यात जागा शंभर मीटरच्या पुढं सरकते. पाणलोटाचा बंधारा ओढ्यात आखला आणि निघाला कुणाच्या उसात, असा प्रकार.

आता रीत. यूटीएममध्ये आपला सगळा जिल्हा 43 नंबरच्या पट्ट्यात येतो. त्याची मधली रेषा 75 रेखांशाची. ती आपल्याच जिल्ह्यातून जाते, नेवासा तिच्या पश्चिमेला, शेवगाव पूर्वेला. या रीतीत जमिनीवरचे 1000 मीटर कागदावर साधारण 999.6 भरतात. एकरामागं तीन-सव्वातीन चौरस मीटरचा फरक. चालेल.

पण देशभराचे नकाशे एकत्र जोडायला लॅम्बर्ट रीतीची एक राष्ट्रीय चौकट ठरवलेली आहे. तीत आपल्याकडचे 1000 मीटर सुमारे 984 भरतात. म्हणजे 40 गुंठ्यांचा एकर कागदावर पावणेएकोणचाळीसच्या आसपास! सव्वा गुंठा गेला कुठं? कुठंच नाही, बांध जागेवरच आहे. चौकट वाईट नाही, ती देश दाखवायला केलीय, एकर मोजायला नाही. राज्यांसाठी वेगळ्या चौकटीही आहेत. पण नकाशावर रीत लिहिलेलीच नसेल, तर शेजारी म्हणणार तुम्ही खाल्ला, तुम्ही म्हणणार शेजाऱ्यानं.

माती परीक्षणाला नमुने घेणाऱ्यांनीही ऐकावं. 19.30 अंश म्हणजे 19 अंश 30 मिनिटं नव्हे, 19 अंश 18 मिनिटं. हा घोळ झाला तर नमुना 22 किलोमीटर लांबच्या गावात जातो आणि शिफारस भलत्याच जमिनीची येते. दशांशाचे चारच आकडे लिहिले तर अकरा मीटरपर्यंत अंदाजच. हद्दीला ते काय कामाचे?

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला कशाला ही उठाठेव? कोर्टात तारखा कोण काढतो? वकिलाची फी कोण भरतो? मोजणीचे पैसे कोण भरतो? मग कळायलाही त्यालाच पाहिजे. 33 फुटी साखळीचा गुंठा आमच्या आज्याला तोंडपाठ होता, कारण त्याला तो डोळ्यानं दिसत होता. आताचं माप डब्यात बंद आहे, म्हणून त्याचा हिशोब उघडा पाहिजे.

मागणी साधी आहे. नकाशाच्या कोपऱ्यात एक ओळ छापा: कुठला आकार, कुठली रीत, कुठला पट्टा. उदाहरणार्थ "डब्ल्यूजीएस 84, यूटीएम 43 उत्तर". क्षेत्र जमिनीवरचं की कागदावरचं ते लिहा. बाजूंची लांबी मीटरात द्या, म्हणजे टेप घेऊन कुणालाही ताळा करता येईल. क्यूजीआयएससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गावातलं शिकलेलं पोरगं तासाभरात पडताळून देईल, पण ही ओळ असली तरच.

मोजणी झाली की सही करण्याआधी ही ओळ मागा. नसेल तर लेखी मागा.