थायलंड स्वस्त आहे म्हणे!

हल्ली तिशीच्या आसपासच्या कुठल्याही आयटीवाल्याला विचारा, "पुढचा प्लॅन काय?" पूर्वी उत्तर यायचं 'ऑनसाईट'. मग 'एमबीए' यायला लागलं, मग 'स्टार्टअप'. सध्याचं उत्तर आहे चियांग माई. पस्तिशीपर्यंत एक कोटी जमवायचे, नोकरीला रामराम ठोकायचा आणि वर्षातले सहा-आठ महिने उत्तर थायलंडात स्विमिंग पूलवाल्या कॉन्डोत काढायचे. सकाळी कॉफी, दुपारी मसाज, संध्याकाळी नाईट बाजार. उरलेले महिने पुण्यात, आईच्या हातची पुरणपोळी खायला. या प्रकाराला 'अर्धी निवृत्ती' असं गोंडस नाव आहे. आणि अर्थातच एक एक्सेल शीट आहे. आमच्या मजल्यावर ती इतक्या जणांकडे फिरली आहे की तिला आता व्हर्जन नंबर आहे.

माझ्याकडे आली ती सातवी आवृत्ती. उघडली, दहा मिनिटं बघितली आणि डोकंच फिरलं. म्हणून आज हे.

आधीच सांगते, थायलंडवर माझा काडीचाही राग नाही. दोनदा जाऊन आले आहे, दोन्ही वेळा अगदी काटकसरीत. बँकॉकहून रात्रीच्या स्लीपरने चियांग माई (जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या नव्या क्रुंग थेप अपिवत स्टेशनातून सुटतात, जुन्या हुआ लाम्फोंगला जाऊन उभे राहू नका), डॉर्मिटरीतली वरची खाट, लाल सोंगथाव, म्हणजे आपल्या वडापचीच चुलत बहीण, आणि दिवसातून एकदा तरी खाओ सोय. एकट्या मुलीने खांद्यावर सॅक टाकून फिरावं असा देश आहे तो. घरी सांगितलं तेव्हा काकांनी भुवया उंचावल्या, कारण आपल्याकडे 'बँकॉक-पट्टाया' म्हटलं की पुरुषांच्या ग्रुपचं डोळे मिचकावणंच आठवतं. ते असो.

पण पंधरा दिवस काटकसरीत फिरणं वेगळं आणि तिथे आयुष्य बेतणं वेगळं. फिरताना तुम्ही पगारावर असता. खिशातले पैसे संपले की परत येता. शीट नंबर सातमध्ये परत येणं नाहीच.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. थायलंडचा निवृत्तीचा व्हिसा पन्नाशीनंतर मिळतो. पन्नास! त्यासाठी बँकेत आठ लाख बात ठेवा किंवा महिना ६५,००० बात उत्पन्न दाखवा, आणि काम अजिबात करायचं नाही. म्हणजे पस्तिशीच्या निवृत्ताला थायलंडच्या लेखी निवृत्त व्हायची परवानगीच नाही. मग मंडळी म्हणतात, तो नवा व्हिसा आहे ना, डीटीव्ही. आहे. जुलै २०२४ मध्ये आला, पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, पाच लाख बात शिल्लक दाखवावी लागते. पण तो आहे दूरवरून काम करणाऱ्यांसाठी, नाहीतर मुए थाई किंवा थाई स्वयंपाक शिकायला येणाऱ्यांसाठी. म्हणजे एकतर नोकरी चालू ठेवा, नाहीतर वर्षानुवर्षं हिरवी करी शिकत बसा. आणि भारतीयांना बिनव्हिसा प्रवेश? तो नोव्हेंबर २०२३ मध्ये तीस दिवसांसाठी सुरू झाला, जुलै २०२४ मध्ये साठ दिवसांचा झाला. आठ महिन्यांत जे दुप्पट होऊ शकतं ते निम्मंही होऊ शकतं. त्यावर सुट्टी बेतावी, म्हातारपण बेतू नये. शिवाय वर्षात १८० दिवस राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी, आणि बाहेरून आणलेल्या उत्पन्नाचे नियम त्यांनी २०२४ पासून आवळले आहेत. शीटमध्ये 'टॅक्स' असा कॉलम आहे. त्यात शून्य आहे.

हे सगळं एकवेळ सोडा. माझं खरं भांडण शीटमधल्या एका सेलशी आहे: 'विनिमय दर', आणि पुढे एक स्थिर आकडा. तीस वर्षांसाठी! प्रोग्रॅममध्ये असा कॉन्स्टंट कुणी टाकला तर कोड रिव्ह्यूमध्ये आपण त्याला फाडून खाऊ.

जरा इतिहास. २ जुलै १९९७ ला थायलंडने बात मोकळा सोडला. तोवर डॉलरला साधारण २५ बात मिळत, जानेवारी १९९८ मध्ये पन्नासच्या वर मिळायला लागले. जगभरच्या स्वस्त प्रवाशांना लॉटरी लागली. 'थायलंड स्वस्त' ही दंतकथा तशी जुनी, १९७५ पासून शूस्ट्रिंग गाईडबुकं हातात घेऊन लोक तिकडे फिरतायत, पण तिला चरबी चढली ती या पडझडीनंतर. ज्या रात्री पाहुण्यांची चैन सुरू झाली, त्याच रात्री तिथल्या बांधकामावरच्या माणसाची नोकरी गेली होती.

आता आपला रुपया बघा. २००५ च्या सुमारास डॉलरला ४० बात आणि ४४ रुपये, म्हणजे एक बात साधारण एक रुपया दहा पैशांना. आज अडीच रुपयांच्या खाली मिळत नाही. हिशोबाला सोपं म्हणून अडीचच धरू. एक कोटीचे चार टक्के म्हणजे वर्षाला चार लाख, महिना तेहतीस हजार तीनशे. २००५ च्या दराने त्याचे तीस हजार बात झाले असते. आज तेरा हजार होतात. शीटमध्ये खर्च धरलाय पंचवीस हजार बात. :-)

(तो चार टक्क्यांचा नियमही १९९० च्या दशकात अमेरिकन शेअर आणि रोख्यांच्या आकड्यांवरून, तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी काढलेला आहे. पस्तिशीत निवृत्त होऊन पंच्याऐंशीपर्यंत जगलात तर पन्नास वर्षं होतात. आणि तुम्ही कमावणार रुपयात, खर्च करणार बातमध्ये. त्या नियमाने बिचाऱ्याने काय काय सोसायचं?)

हे केवळ आपलंच दुखणं आहे असं समजू नका. पट्टाया आणि हुआ हिनमधल्या ब्रिटिश पेन्शनरांना विचारा. २००५ च्या आसपास पौंडाला सत्तर बात मिळायचे. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या मतदानानंतर पन्नासच्या खाली गेले ते आजही त्याच्या खालीच आहेत. त्यात ब्रिटनचं सरकारी पेन्शन थायलंडमध्ये राहणाऱ्यांना दरवर्षी वाढवून मिळत नाही, पहिल्या दिवशी जे मिळालं तेच गोठतं. महिना ६५,००० बात दाखवायला पौंडाला सत्तर बात असताना ९३० पौंड पुरायचे, ४५ असताना साडेचौदाशे लागतात. या लोकांकडे निदान पौंड होते. आपण रुपये घेऊन त्यांचीच चाल खेळायला निघालोय.

आता दुसरा मुद्दा. हा सांगितला की कॅन्टीनमध्ये शांतता पसरते.

'स्वस्त' म्हणजे काय हो? चियांग माईला तासाचा मसाज अडीचशे-तीनशे बातला मिळतो, तो का मिळतो? त्या शहराच्या मुख्य तालुक्यात १ जानेवारी २०२५ पासून किमान मजुरी दिवसाला ३८० बात ठरली. सव्वीस दिवस भरले तर महिन्याला दहा हजारांना शंभर-सव्वाशे कमी. आपली शीट त्याच्या अडीचपटीला 'लीन बजेट' म्हणते. कॉन्डो बांधणाऱ्यांत सीमेपलीकडून, म्यानमारमधून आलेले शान मजूर भरपूर असतात, त्यांच्या शीटबद्दल बोलायलाच नको. आणि थाई माणसाचं स्वतःचं म्हातारपण? सरकारी वृद्धभत्ता २०११ मध्ये वयाप्रमाणे ठरवला गेला: साठीत महिना सहाशे बात, सत्तरीत सातशे, ऐंशीत आठशे, नव्वदीनंतर हजार. साठी ओलांडलेले लोक त्या देशात एक पंचमांशाहून जास्त आहेत. त्यांच्यातली एखादी आजी सत्तराव्या वर्षी पहाटे चिकट भात आणि डुक्कराच्या मांसाच्या काड्या विकत बसते, आणि आपण तिचा फोटो काढून खाली लिहितो, "लाईफ इज सो सिंपल हिअर."

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तिथे पैसे खर्च करतो, त्यांचा फायदाच होतो. होतो ना. नाही कोण म्हणतंय? पर्यटनावर तिथली लाखो घरं चालतात, म्हणून तर जा म्हणते. पण 'स्वस्त' हा शब्द तोंडात घोळवताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. इतर कुणाला नाही वाटलं तर समजू शकते. पण आपण? आपला अख्खा धंदाच या फरकावर उभा आहे! आपल्याला काम मिळतं त्याचं पहिलं कारण आपला बिलिंग रेट. क्लायंट कॉलवर सहज बोलून जातो, "हे इंडियात टाका, तिथे स्वस्तात होईल." तेव्हा म्यूटवर आपण काय काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच कॉलनंतर हेडफोन काढून आपण शीट उघडतो आणि चियांग माईच्या पुढे लिहितो, 'स्वस्त'.

थाई सरकार मात्र याबाबतीत भोळं नाही. परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही. कॉन्डो घेता येतो, पण एका इमारतीतल्या एकूण जागेच्या ४९ टक्क्यांपर्यंतच. सगळ्यांना पुरणारी, तीस बातची म्हणून गाजलेली २००२ ची आरोग्य योजना त्यांच्या नागरिकांसाठी आहे, तुमच्या-माझ्यासाठी नाही. गोव्यात दिल्ली-मुंबईवाल्यांनी सेकंड होमसाठी गावंच्या गावं महाग केली म्हणून आपण तावातावाने बोलतो ना, मग त्यांनी दाराला कडी लावली तर तक्रार कशाला?

बरं, अर्धं वर्ष तरी कुठलं? फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंडात शेतं आणि जंगलं जळतात, चियांग माई धुराने इतकं भरतं की समोरचा दोई सुथेप डोंगर दिसेनासा होतो. राहिले नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे ऐन सीझन, सगळ्यात महाग. पावसाळा सुंदर असतो, पण पावसाळ्यात आपल्याकडे काय वाईट असतं?

आणि ती पुरणपोळी! शीटमध्ये पुण्यातल्या चार महिन्यांचं भाडं शून्य, जेवण शून्य. का, तर "घरी राहणार". आई म्हणजे काय सर्व्हिस अपार्टमेंट आहे? तुम्ही पस्तिशीत निवृत्त, ती पासष्टीतही ओट्यापाशी. आई-बाबांच्या गुडघ्यांचं, मोतीबिंदूचं, रात्री दोनला आलेल्या फोनचं कॉलम कुठे आहे? मी शोधलं. नाही. शीट बनवणारे सगळे मुलगे होते हे मी मुद्दाम सांगत नाही. :-)

मला कळतं हो हे सगळं कुठून येतं. रात्री साडेअकराचे कॉल, अप्रेझलमधली बेल कर्व्ह, दर तिमाहीला लेऑफची कुजबुज, आणि आता तर आपलं निम्मं काम मशीन करेल असं सांगणारे साहेब. माझ्या शेजारच्या डेस्कवरचा मुलगा एकोणतीस वर्षांचा आहे आणि बीपीची गोळी घेतो. त्याला चियांग माई नकोच आहे. त्याला तीन महिने कुणी पिंग करू नये एवढंच हवंय. ते मागायची हिंमत नाही म्हणून तो राजीनाम्याची आणि कोटींची स्वप्नं बघतो. बिनपगारी रजा मागण्यापेक्षा निवृत्तीची शीट करणं सोपं वाटावं, अशी गंमत आहे आपल्या क्षेत्रात.

तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागा. फार तर नाही म्हणतील. पगारावर परत यायची सोय असेल तर थायलंड खरोखर परवडतं. फॅनची खोली घ्या, सोंगथावने फिरा, मसाजवाल्या बाईंशी वीस बातसाठी घासाघीस करू नका, आणि स्कूटर भाड्याने घ्यायची तर दुचाकीचं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही जवळ ठेवा, नाहीतर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

मी नोव्हेंबरसाठी सहा आठवडे मागितले आहेत. मॅनेजरने मेल वाचलाय एवढं कळलंय. उत्तर अजून नाही.