टेकडी खाली नाही, मंडळी

आज थोडं लांब लिहिते आहे, चहा घेऊन बसा. काहींना रागही येईल, पण माझं माहेर धारचं आणि सासर देवासचं. दोन्हीकडची घरं पवारांबरोबर घाटावरून इकडे आलेली. तेव्हा बोलण्याचा हक्क मी दोन्ही बाजूंनी घेते.

यंदाच्या गणपतीत आपल्या मुलांनी सह्यांसाठी एक निवेदन फिरवलं, ते बहुतेकांनी पाहिलं असेल. देवासजवळच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. तिथल्या एका कंपनीनं वर जाणाऱ्या रस्त्यावर फाटक बसवलं आणि रविवारी जिपा घेऊन चिखलात चढायला जाणाऱ्यांची वाट बंद झाली. म्हणून कलेक्टर साहेबांना विनंती, की फाटक काढावं. कारणं तीन दिली आहेत. जमीन सरकारी आहे म्हणजे सर्वांची आहे, ती खाली पडलेली आहे, आणि पवनचक्क्यांमुळे निसर्गाचा नाश होतो. खाली आपल्या चांगल्या चांगल्या आडनावांच्या सह्या. माझी नाही.

आधी तो 'खाली' शब्द घेऊ. आपण माळव्यातले मराठी लोक 'रिकामी' म्हणायच्या जागी 'खाली' म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत. पण टेकडीला खाली म्हणण्याआधी पटवाऱ्याकडे जाऊन खसरा बघायला काय हरकत होती? देवास-धारकडच्या अशा बहुतेक जमिनी कागदावर एक तर वनखात्याच्या असतात, नाही तर चरनोई. चरनोई म्हणजे गावाच्या जनावरांची चरायची जागा. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत कलम २३४ खाली गावाचं निस्तार पत्रक होतं आणि कलम २३७ खाली चराई, सरपण, स्मशान यांसाठी जमीन राखून ठेवली जाते. म्हणजे 'सर्वांची' जमीन असं मोघम काही नसतं. कुणाच्या कशासाठी, ते लिहिलेलं असतं.

आणि ही चरनोई आधीच आटली आहे. दिग्विजय सिंहांच्या काळात तिचं प्रमाण कमी करत करत गावाच्या शेतजमिनीच्या दोन टक्क्यांवर आणलं. निघालेली जमीन भूमिहीनांना द्यायची होती. हेतू वाईट नव्हता, पण गायी-म्हशींना दोन टक्केच उरले. त्या दोन टक्क्यांत गावातले गुजर आणि गारी आपली जनावरं घालतात. मारवाडातून मेंढ्या आणि उंट घेऊन येणारे रायकाही त्यातूनच वाट काढतात. आपल्या निवेदनात यांच्यापैकी एकाचं नाव नाही, अंगठाही नाही.

आता गंमत ऐका. ज्या रस्त्यासाठी एवढी धडपड चालली आहे, तो आला कुठून? जामगोदराणीच्या टेकड्यांवर नव्वदीच्या दशकात पवनचक्क्या आल्या, तेव्हा आम्ही पुरी-भाजीचे डबे घेऊन बघायला गेलो होतो. सगळं देवास लोटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "एवढा मोठा पंखा, आणि वारा कुणाला घालतोय?" त्याआधी वर जायला गुरांच्या पायवाटा होत्या, बस. मनोरे आणि पाती वर न्यायला ट्रॉल्या लागतात, ट्रॉल्यांना रुंद, कमी चढाचा रस्ता लागतो, म्हणून टेकडी कापून तो केला गेला. म्हणजे पवनचक्की आली नसती, तर आपल्या मुलांची जीप पायथ्याच्या ओढ्यातच बसली असती. ज्याच्या रस्त्यानं वर गेलात त्यालाच निसर्गाचा शत्रू म्हणायचं, आणि ते इंजिन चालू ठेवून.

मुलांना वाटतं, दोन तास मजा केली, कुणाचं काय गेलं? जे जातं ते मला माहीत आहे, कारण लग्न होऊन आल्यापासून मी या टेकड्या बघते आहे. आपल्या पठारावर काळ्या दगडाच्या वर मुरूम-मातीचा पातळ थर असतो आणि त्याला गवताच्या मुळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. ओल्या उतारावर चाक फिरलं की गवत सालीसारखं सोलून निघतं. पहिल्या पावसात चाकोरी, दुसऱ्या पावसात ओघळ, तिसऱ्या वर्षी नाली. मग त्याच्या शेजारून नवा ट्रॅक काढायचा, कारण जुन्यात आता गाडी अडकते. आणि हे सगळं कधी, तर जुलै ते सप्टेंबर. गवताला तुरे येतात तेव्हा. टिटवी आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात तेव्हा. उन्हाळ्यात जा म्हटलं, तर म्हणतात, धुळीत काय मजा?

धारवाल्यांनो, तुम्ही हसू नका, आता तुमच्याकडे येते. सरदारपूरला खरमोर अभयारण्य आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मोहनखेड्याला जाताना जवळून गेलेले असतो आपण सगळे. खरमोर हा माळढोकाच्या कुळातला छोटा पक्षी. पावसाळ्यात तो इथल्या बिडांमध्ये, म्हणजे राखलेल्या गवतात, जोडी जमवायला येतो. नर गवतातून उंच उडी मारतो, खाली येतो, पुन्हा उडी, दिवसभरात शेकडो वेळा. १९८३ साली त्याच्यासाठी सरदारपूरला सुमारे ३४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, आणि त्याच वर्षी सैलान्यालाही. सरदारपूरच्या अभयारण्यात शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीही आल्या आणि त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी बसली. वर्षानुवर्षं त्या गावांनी आपल्या शेताचा व्यवहार करता न येण्याची किंमत मोजली, ती एका पक्ष्यासाठी. ते चिडले, मोर्चे काढले, आणि त्यांचं चुकलं असं मला तरी म्हणवत नाही. पण किंमत मोजली. आपण काय मोजतो? डिझेल.

पवनचक्कीची वकिली करायला मी बसले आहे, असं समजू नका. तिचे दोष आहेत आणि निवेदनात ते धड लिहिलेही नव्हते, म्हणून मीच लिहिते. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे, ठोसेघरच्या वर. आपल्यापैकी कितीतरी घरांचं मूळ त्या भागात. तिथल्या पवनचक्क्यांवर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट सापडले. चक्क्यांखाली घारी-ससाणे कमी, म्हणून सरडे वाढले, आणि त्या सरड्यांची भीतीही कमी झाली. (त्या सरड्याच्या कुळाचं शास्त्रीय नावच 'सारदा' आहे, आपल्या मराठी 'सरडा'वरून.) तेव्हा पातं फिरतं त्याचा परिणाम खाली गवतापर्यंत पोचतो, हे खरं आहे. तारांचंही तसंच. माळढोक आणि खरमोर यांच्यासाठी एम. के. रणजितसिंह सर्वोच्च न्यायालयात गेले. ते आपल्याच मध्य प्रदेश केडरचे अधिकारी, मंडल्याचे कलेक्टर होते. २०२१ मध्ये न्यायालयानं राजस्थान-गुजरातेतल्या विजेच्या तारा जमिनीखाली घालायला सांगितलं, आणि २०२४ मध्ये ते आदेश सौम्य करून समिती नेमली, कारण देशाला सूर्याची आणि वाऱ्याची वीजही हवी आहे. असा कठीण तिढा आहे तो. खऱ्या थारच्या वाळवंटात हे चाललं आहे, आणि इथे आपल्याकडे थार नावाची गाडी घेऊन त्यात उडी मारायची.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तो सांगतो, मोहावीच्या वाळवंटात हे भांडण फार जुनं आहे. गाड्या उडवणारे, सौरऊर्जावाले, कासवं वाचवणारे. २०१६ साली तिथल्या सरकारनं १ कोटी ८ लाख एकर सरकारी जमिनीचा आराखडा केला. वीज कुठे, राखीव कुठे, गाड्या कुठे, सगळं नकाशावर. सगळे खूश नाहीत, पण गाडीवाल्यांना जागा मागताना आधी आपण इथे कोण, हे सांगावं लागलं. आपल्या मुलांनी अमेरिकेतून जिपेचे टायर मागवायची हौस घेतली, ही सवय नाही घेतली.

"आजी, मग आम्ही खेळायचं कुठे?" असं एकानं मला तोंडावर विचारलं. प्रश्न बरोबर आहे. देवास-इंदूरच्या आसपास गिट्टीच्या कितीतरी खदानी बंद पडलेल्या आहेत. तिथे माती नाही, गवत नाही, मोडायला काही उरलेलं नाही. मालकाशी बोला, भाडं द्या, विमा काढा, हेल्मेट घाला आणि खुशाल चिखल उडवा. मी बघायलाही येईन. पण त्याला तिथे 'व्ह्यू' नको होता का? होता. वरून दिसणारं माळवं हवं, त्याच्या उरावरून गाडी न्यायची आहे म्हणून.

दृश्याचं दुःख करणाऱ्या मोठ्या माणसांनाही एक सांगते. पवनचक्क्यांनी क्षितिज बिघडलं, असं एक काका म्हणाले. काका, चामुंडेच्या टेकरीवर रोपवेच्या तारा लागल्या, तेव्हा आपण पहिल्या आठवड्यात तिकीट काढलं होतं. कुमारजी १९४८ साली देवासला आले ते इथल्या कोरड्या हवेसाठी, छातीच्या आजारातून उठायला. त्याच हवेवर आज पाती फिरतात आणि बदनावरकडे तर धार-रतलाम रस्त्यावर रांगाच आहेत. मला ती बघताना वाईट वाटत नाही. चालू बघून बरंच वाटतं. बंद पडलेली, गंजलेली दिसली की मात्र चीड येते, कारण चरनोईही गेली आणि वीजही नाही.

फाटकाचं म्हणाल, तर फाटकाला माझाही विरोध आहे. पण कारण वेगळं. त्या फाटकानं जीप अडली, तशी गुराख्याची म्हैसही अडली. जीपवाल्यानं निवेदन छापून घेतलं, गुराखी तीन किलोमीटर वळसा घालतो. मी वेगळा अर्ज लिहिला आहे. त्यात इतकंच: निस्तार पत्रकात ज्यांची नावं-गावं आहेत त्यांच्या जनावरांसाठी फाटकाशेजारी कायमची मोकळी वाट ठेवावी, खासगी गाड्यांना वर जाऊ देऊ नये, आणि बंद यंत्रं कंपनीनं एक तर चालू करावीत, नाही तर उतरवून खालची जमीन गावाला परत द्यावी. दोन गावच्या सरपंचांच्या सह्या आल्या आहेत. आपल्या लोकांपैकी चौघांच्या.

आता शेवटचं आणि जरा घरचं. पवनचक्कीखाली निदान गाय चरते. सौरऊर्जेच्या मोठ्या शेतांना कुंपण लागतं, आणि एका मेगावॅटला चार-पाच एकर जातात. आगर, शाजापूर आणि नीमच मिळून १५०० मेगावॅटचा पार्क झाला, तो काही हवेत झाला नाही. पुढचे पार्क कुठे होतील? जिथे जमीन 'खाली' लिहिलेली आहे तिथेच. चरनोई वाचवायची तर वीज दुसरीकडून यायला हवी, आणि ती दुसरीकडची जागा आपल्या डोक्यावर आहे. धारला आणि देवासला आपले वाडे, बंगले, गच्च्या, सगळं रिकामं तापत पडलं आहे. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं. जागा लागते साधारण तीनशे चौरस फूट, आणि दिवसाला बारा-एक युनिटं निघतात. पण आपली कारणं ऐकावीत! पापड कुठे वाळत घालू. पतंगाला अडचण होईल. वाड्यात पाच हिस्सेदार, छप्पर कुणाच्या नावावर? एका घरात तर दोन भावांचं ठरेना, की पॅनल कुणाच्या बाजूला झुकवायचं. सूर्य दक्षिणेला, आणि दक्षिणेचा हिस्सा धाकट्याचा.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी लावलं. पापड कठड्याकडे वाळतात, काही बिघडलं नाही.

आपल्या समाजाच्या सभागृहाचं छप्पर तर या सगळ्यांपेक्षा मोठं आहे, हिस्सेदार नाहीत, आणि लग्नसराईत तिथलं विजेचं बिल सगळ्यांना माहीत आहे. येत्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. खजिनदारांनी दोन-तीन ठिकाणची कोटेशनं मागवून ठेवावीत. ज्या मुलांकडे जिपा आहेत त्यांनी मापं घ्यायला शिडी घेऊन यावं, कारण त्यांना चढायची हौस आहे.